हुंडीला मिळालेली सवलत

चेक न वटल्याचा खटला ज्या कायद्याखाली भरला जातो तो १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. सरकारी मराठीत तो परक्राम्य संलेख अधिनियम. त्याचे १३८ वे कलम आज तालुक्याच्या कोर्टातल्या शिपायालाही माहीत असते. पहिल्या कलमाकडे मात्र वकीलसुद्धा क्वचितच वळतात. त्या कलमात एक वाक्य असे आहे की, पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या दस्ताबद्दल एखाद्या ठिकाणची जी रूढी असेल तिला या कायद्याने बाध येणार नाही. दस्तातच तसे शब्द घालून पक्षकारांनी रूढी दूर सारली तर गोष्ट वेगळी. हे वाक्य लिहिले गेले ते हुंडीसाठी. शेकडो वर्षे देशभर पैसा फिरवणाऱ्या या कागदाला नव्या कायद्याने हात लावला नाही, जुन्या रूढीचा मान राखला, असे त्याचे सरळ वाचन केले जाते. इतिहास पाहिला तर ते वाचन टिकत नाही. ही सवलत हुंडीला लाभली नाही, भोवली. कायद्याच्या बाहेर ठेवल्यामुळे हुंडीची रूढी दर दाव्यात नव्याने सिद्ध करण्याची वस्तू झाली, आणि जो कागद बाजारात सर्वांत भरवशाचा होता तो कोर्टात सर्वांत बेभरवशाचा ठरत गेला. भारतातल्या व्यापारी कायद्याची घडण समजून घ्यायची तर इंग्रजांनी काय आणले याइतकेच त्यांनी काय बाजूला ठेवले, हे पाहायला हवे.

हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेला, अमक्याला अमुक रक्कम द्यावी असा कागद. पुण्यात रोख भरून काशीला ती उचलायची, किंवा सुरतेच्या व्यापाऱ्याने बऱ्हाणपुरात माल घ्यायचा आणि पैसे पुढे सुरतेत फेडायचे, ही दोन्ही कामे त्याच कागदावर होत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सुरतेवर लिहिलेल्या हुंड्यांचे ठिकठिकाणचे दर नोंदवून ठेवले आहेत. दौलताबादेहून हुंडणावळ शेकडा एक ते दीड, गोव्याहून आणि गोवळकोंड्याहून चार ते पाच, तर दूरच्या ढाक्याहून दहापर्यंत. अंतराप्रमाणे आणि वाटेतल्या धोक्याप्रमाणे दर ठरलेले होते, म्हणजे ही एखाददुसऱ्या सावकाराची युक्ती नव्हती, देशभर पसरलेला बाजार होता. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा नर्मदेपलीकडे गेल्या तेव्हा वसुलीचा पैसा पुण्याला आणायला आणि फौजेचा खर्च मुलखाबाहेर पोचवायला हीच वाट होती; पेशवे दप्तरातल्या कागदांत हुंड्यांचे उल्लेख जागोजाग आढळतात. महिपतीच्या ‘भक्तविजया’तून मराठी घराघरांत पोचलेली नरसी मेहतांची कथाही हुंडीभोवतीच फिरते. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याच्याकडे लिहिणाऱ्याचे खाते नसेल तर हुंडी सकारली जाणार नाही आणि लिहिणाऱ्याची अब्रू जाईल, हे श्रोत्यांना ठाऊक आहे असे गृहीत धरूनच त्या कथेतला, देवाने हुंडी सकारल्याचा, चमत्कार रचलेला आहे. व्यवहाराचा नियम कीर्तनात समजावून सांगावा लागत नाही, इतका तो लोकांच्या अंगवळणी पडला होता.

हे नियम ढोबळ नव्हते. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनंतर द्यायचे ती मुदती. ज्याचे नाव लिहिले त्यालाच पैसे द्यायचे ती नामजोग, ज्याच्या हुकुमाने द्यायचे ती फरमानजोग, आणि बाजारातल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या, म्हणजे शाहाच्या, हाती द्यायचे ती शाहजोग. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून आकडा, मग अक्षरे, मग ‘निमे अमुक, त्याची दुप्पट’ असे लिहीत. शंभराचे हजार करू पाहणाऱ्याला तीन ठिकाणी हात मारावा लागे. शाहजोग हुंडीची रचना तर विशेष विचार करून केलेली दिसते. हुंडी वाटेत कोणाच्याही हाती पडो, शेवटी ती पेढीवर आणायची ती शाहानेच. पैसे देणाऱ्याने पाहायचे ते एवढेच की समोरचा खरोखर शाह आहे. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर खऱ्या माणसाचा शोध लावणे, नाहीतर रक्कम व्याजासह परत करणे, ही जबाबदारी त्या शाहाची. आजच्या रेघ मारलेल्या चेकमध्ये पैसा बँकेमार्फतच उचलावा लागतो; त्यामागचे तत्त्व हेच आहे. हुंडी हरवली तर लिहिणारा तिची दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ, आणि त्यानंतर महाजनांच्या साक्षीचा मेजरनामा. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लेखी कायद्यात मात्र हरवलेल्या बिलाची दुसरी प्रत मागण्याचा हक्क १८८१ च्या मूळ मसुद्यात नव्हता. तो १८८५ च्या दुरुस्तीने आला. रूढीचे शास्त्र कच्चे होते म्हणून ते कायद्यात घेतले नाही, असे म्हणायला ही तारीखच आडवी येते.

जोखमी हुंडीचे उदाहरण याहून बोलके आहे. किनाऱ्यावरच्या व्यापारात माल पाठवणारा गलबतात माल चढवी आणि माल घेणाऱ्यावर हुंडी लिही. पण पैसे द्यायचे ते गलबत सुखरूप पोचले तर. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे त्याच कागदात रकमेची पाठवणी होती, मालाच्या किमतीवर उचल होती आणि विमाही होता. हुंडी विकत घेणारा सराफ हुंडणावळ घेतानाच समुद्राच्या धोक्याचा भाव लावी. जमिनीवरच्या हुंड्यांबद्दलही ताव्हेर्निए असेच काही सांगतो: दर चढे असण्याचे एक कारण म्हणजे वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचेही पैसे जातात. आता १८८१ च्या कायद्याचे पाचवे कलम पाहावे. बिल ऑफ एक्स्चेंज म्हणजे विनाशर्त आदेश, असे ते सांगते. जोखमी हुंडी मुळातच सशर्त, त्यामुळे या व्याख्येत ती बसूच शकत नाही. लंडनच्या व्यापारात बिल, विम्याचे पत्रक आणि जहाजाची भरतपावती हे तीन कागद वेगवेगळे असत, म्हणून व्याख्या तशी झाली. व्याख्येत दोष नाही. पण तिच्यापुढे हिंदुस्थानी किनाऱ्यावरचा चालता व्यवहार ‘विशेष प्रकार’ ठरला आणि लंडनचा व्यवहार सर्वसाधारण.

याचा अर्थ इंग्रजी अमलाने पहिल्या दिवसापासून रूढीला दूर लोटले असा नाही. उलट आरंभ वेगळाच झाला होता. पेशवाई बुडाल्यावर गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याची जी रेग्युलेशन केली गेली, त्यांतल्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशाला निवाड्याची पायरीच आखून दिली. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशन. ती नसतील तर ज्या भागात दावा उद्भवला तिथली वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक. हुंडीबद्दल लेखी कायदा नव्हताच, त्यामुळे वहिवाट हाच हुंडीचा कायदा होता. १८६२ मध्ये मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाल्यावरही काही वर्षे हीच रीत चालली. १८६९ चा दौलतराम विरुद्ध बुलाखीदास हा दावा शाहजोग हुंडीबद्दलचा म्हणून पुढच्या ग्रंथांत वारंवार येतो. अशा दाव्यांत सराफांच्या साक्षी होत, शाहाने काय करायचे, पैसे देणाऱ्याने किती चौकशी करायची हे विचारले जाई, आणि न्यायाधीश त्यातून नियम काढत. कायदा घडण्याची ही एक प्रतिष्ठित पद्धत आहे. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने हेच केले होते. व्यापाऱ्यांची खास ज्यूरी बसवून त्याने बाजाराच्या चालीरीती कोर्टात मांडायला लावल्या, आणि त्या एकदा नीट ठरल्या की पुन्हा सिद्ध कराव्या लागू नयेत, त्या देशाचा कायदाच समजल्या जाव्यात, अशी व्यवस्था बसवली. मुंबईचे न्यायालय १८६० च्या दशकात त्याच वाटेवर उभे होते.

मग वाट बदलली ती कोठे? निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्सच्या कायद्याचा पहिला मसुदा तिसऱ्या विधी आयोगाने १८६६ मध्ये तयार केला आणि १८६७ च्या अखेरीस तो कौन्सिलपुढे आला. त्यावर व्यापारी मंडळींनी जी हरकत घेतली तिचा मुख्य रोख असा होता की मसुदा इंग्लंडच्या कायद्यापासून फार ठिकाणी दूर जातो. ही हरकत कोणाची असणार हे तिच्या मजकुरावरूनच कळते. भुलेश्वरच्या सराफाला लंडनच्या बिलाचा कायदा जसाच्या तसा हवा असण्याचे काही कारण नव्हते. तो हवा होता आयात-निर्यात करणाऱ्या इंग्रज पेढ्यांना आणि बँकांना. १८७७ मध्ये मसुदा पुन्हा लिहिला गेला, आणखी समित्यांपुढून फिरला आणि ९ डिसेंबर १८८१ रोजी कायदा मंजूर होऊन १ मार्च १८८२ पासून अमलात आला. चौदा वर्षे घासूनपुसून इंग्रजी व्यापाराची रूढी कलमवार झाली. हुंडीची रूढी पहिल्या कलमातल्या अपवादापुरती उरली. इंग्लंडचा स्वतःचा बिल्स ऑफ एक्स्चेंज ॲक्ट मसुदाकार चामर्सच्या हातून त्यानंतर, १८८२ मध्ये झाला. म्हणजे इंग्लंडच्या व्यापाऱ्यांची रूढी इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात कायदा म्हणून लिहिली गेली, आणि हिंदुस्थानच्या व्यापाऱ्यांची रूढी हिंदुस्थानातच रूढी म्हणून राहिली. दोन्हींचा उगम सारखाच होता. एकीला कायद्याचा दर्जा मिळाला, दुसरीला स्थानिक चालीचा.

या भेदाचे कोर्टातले परिणाम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. पहिली गोष्ट म्हणजे कोणत्या कागदाला कोणता कायदा, हे कागदावरच्या व्यवहारावरून ठरेना, त्याच्या भाषेवरून ठरू लागले. तोच देणेकरी, तोच घेणेकरी, तीच रक्कम आणि तीच मुदत असली तरी इंग्रजीत लिहिले तर कलमे लागू. मराठीत, गुजरातीत किंवा महाजनी अक्षरात लिहिले तर आधी रूढीची चौकशी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. न्यायालयांनी अपवादाचा अर्थ असा लावला की रूढी सिद्ध झाली नाही तर हुंडीलाही ॲक्टच लागू होईल. तर्काने हे बरोबर आहे, पण त्यामुळे पारडे उलटले. १८२७ च्या व्यवस्थेत लेखी कायदा नसेल तिथे वहिवाट आपोआप लागू होती. आता कायदा आपोआप लागू आणि वहिवाट सांगणाऱ्याने ती शाबीत करायची. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे रूढी शाबीत करायची म्हणजे जाणत्या माणसांचे मत, पूर्वीचे प्रसंग, पेढ्यांच्या वह्या. त्या वह्यांतल्या नोंदी ग्राह्य असल्या तरी केवळ त्यांच्यावर कोणाला देणेकरी ठरवता येत नाही, असे त्याच कायद्याचे ३४ वे कलम सांगत होते. ज्या सराफाने बिल वापरले त्याच्या वकिलाने कलम वाचून दाखवले की भागे. ज्याने हुंडी वापरली त्याला साक्षीदार उभे करावे लागत. मुदतीनंतर सवलतीचे दिवस किती, नकारलेल्या हुंडीची भरपाई किती, हे पेठेपेठेला वेगळे. म्हणजे मुंबईत सिद्ध झालेली चाल अहमदनगरला कामी येईलच असे नाही. खर्च आणि अनिश्चितता दोन्ही हुंडीच्याच वाट्याला आले.

त्यावर स्टँपचा भार होता. मुदती हुंडी ठरलेल्या मूल्याच्या हुंडी-कागदावर लिहावी लागे, आणि बिल किंवा वचनचिठ्ठी योग्य स्टँपाशिवाय असेल तर १८९९ च्या स्टँप ॲक्टप्रमाणे दंड भरूनही ती पुराव्यात घेता येत नाही. इतर दस्तांना दंड भरून सुटका आहे, यांना नाही. म्हणजे या एका बाबतीत कायद्याने हुंडीला बिलाच्याच पंक्तीला बसवले. कर आणि बंधने यांसाठी हुंडी बिल होती. बिलाला मिळणारी गृहीतके आणि निश्चित हक्क यांसाठी ती पौर्वात्य भाषेतला दस्त होती. ॲक्टच्या ११८ व्या कलमाप्रमाणे मोबदला दिला गेला आहे, तारीख खरी आहे, हे बिलाच्या बाबतीत कोर्ट उलट सिद्ध होईपर्यंत धरून चालते. हुंडीवाल्याला असे गृहीतक हवे असेल तर त्याने रूढी सोडून ॲक्टच्या आश्रयाला यायचे, आणि शाहजोग किंवा जोखमी हुंडीचे खास फायदे हवे असतील तर ॲक्टचे अंगण सोडायचे. पैसे गुंतवणाऱ्या बँकेच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर उघड होते. ज्या कागदाचे हक्क छापील पुस्तकात वाचता येतात तोच कागद ती सहज वटवून घेणार.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हुंडी मागे पडली ती कायद्यामुळे नव्हे, काळामुळे. रेल्वे आली, तार आली, १८८० पासून टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली, बँकांच्या शाखा निघाल्या. मग काशीला जाणाऱ्याने हुंडी कशाला घ्यावी? पाठवणीपुरते हे पूर्ण खरे आहे आणि दर्शनी हुंडीचा तो भाग कायद्याने कितीही लाड केले असते तरी वाचला नसता. पण हुंडी केवळ पाठवणीचे साधन नव्हती. मुदती हुंडी हे कर्जाचे साधन होते, आणि कर्जाची गरज रेल्वेने कमी केली नाही, वाढवली. कापूस खानदेश-वऱ्हाडातून मुंबईला आठवड्यात पोचू लागला तेव्हा खरेदीच्या हंगामात लागणारे खेळते भांडवल किती तरी पटींनी वाढले. नेमक्या याच ठिकाणी, म्हणजे तीन महिन्यांच्या व्यापारी उधारीच्या कागदाला दुसऱ्याने विकत घ्यावे की नाही या प्रश्नावर, कायद्यातली निश्चिती निर्णायक असते. तार आणि मनीऑर्डर यांनी दर्शनी हुंडीचे काय झाले ते सांगता येते. मुदती हुंडी संघटित पैशाच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर का शिरू शकली नाही ते सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हुंडीची ताकद तिच्या लवचिकपणात होती. गावोगावची वेगवेगळी चाल कलमांत कोंबली असती तर ती तिथेच गोठली असती, आणि कौन्सिलातल्या इंग्रज सभासदांनी तिची मोडतोडच केली असती. अपवाद ठेवला हेच बरे झाले. धर्मशास्त्राच्या बाबतीत इंग्रजी कोर्टांनी जिवंत चालींचे कसे लोणचे घातले हे पाहिले तर ही भीती निराधार म्हणता येत नाही. पण कायदा लिहिणे आणि रूढी गोठवणे या एकच गोष्टी नव्हेत, हे त्याच काळातला दुसरा कायदा दाखवतो. १८७२ च्या करार कायद्यानेही पहिल्याच कलमात व्यापाराच्या रूढी राखून ठेवल्या; मात्र तिथे व्यवस्था अशी की कायदा सर्वांना लागू आणि त्याच्याशी विसंगत नसलेली रूढी त्याच्या आत चालेल, मग करार मराठीत असो की इंग्रजीत. तिथे भाषेची भिंत नाही. हुंडीच्या बाबतीतही शाहाची जबाबदारी, पेठ-परपेठीचा हक्क, जोखमी हुंडीचे स्वरूप एवढ्या तीन-चार गोष्टी, ज्यांबद्दल सराफांत मतभेद फारसा नव्हता, कलमात घालून बाकीचे, म्हणजे सवलतीचे दिवस आणि भरपाईचे दर, स्थानिक चालीवर सोडता आले असते. मॅन्सफिल्डच्या काळातही इंग्लंडच्या व्यापाऱ्यांच्या चाली सर्वत्र एकसारख्या नव्हत्याच. कोर्टाने त्यांतून सामान्य तेवढे उचलले. हिंदुस्थानात ते अशक्य होते असे नव्हे, ते काम कोणी आपले मानले नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: हुंडी म्हणजे सावकारी, आणि सावकारी म्हणजे कुळाची नागवणूक, अशा कागदाला कायद्याचे बळ मिळाले नाही याचे दुःख कशाला? इथे दोन वेगळे कागद एक समजले जातात. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा झाला आणि तो पुणे-अहमदनगर भागात पसरला तेव्हा शेतकऱ्यांनी हिसकावून जाळली ती कर्जखते आणि कोर्टाचे हुकूमनामे. ते कागद कुळाकडून लिहून घेतलेले होते, आणि त्यांना कायद्याचे बळ कमी नव्हते, जास्त होते; म्हणून तर १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट करावा लागला. हुंडी ही व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतली, बरोबरीच्या माणसांची गोष्ट होती. कुळाला पिळणारा कागद कोर्टात झटपट वटला आणि व्यापाऱ्याला व्यापाऱ्याशी बांधणारा कागद साक्षीपुराव्यात अडकला, ही त्या व्यवस्थेची विसंगतीच आहे. आज हुंडी म्हटले की हवाला आणि काळा पैसा आठवतो, हेही खरे आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात ६९ड हे कलम घालून १ एप्रिल १९७७ पासून हुंडीवर घेतलेले किंवा फेडलेले कर्ज अकाउंट पेयी चेकशिवाय असेल तर ते उत्पन्नच समजावे असे ठरले. पण त्या कायद्यात हुंडीची व्याख्या नव्हती, कारण ती कोणत्याच कायद्यात नव्हती. मग उच्च न्यायालयांना ठरवत बसावे लागले की दोन पक्षांमधली साधी वचनचिठ्ठी हुंडी म्हणायची की नाही. जिला शंभर वर्षे व्याख्या दिली नाही तिला संशयित मात्र ठरवता आले.

मुलतानी सराफांचे उदाहरण या साऱ्याच्या विरुद्ध जाते असे वाटेल. फाळणीनंतरही मुंबईत त्यांच्या हुंड्या चालत होत्या, दलालांमार्फत बँका त्या वटवून घेत, आणि छोट्या कारखानदारांना नव्वद दिवसांची उधारी त्यातून मिळे. मग कायद्याने हुंडी मारली असे कसे म्हणावे? पण ती मुलतानी हुंडी कशी होती ते पाहावे. नाव हुंडीचे असले तरी ती मुख्यतः कर्जदाराने सही केलेली मुदती वचनचिठ्ठी होती. ॲक्टला ओळखीच्या रूपाच्या जितकी जवळ, तितकी बँकेला मान्य. बाकीच्या हुंड्यांच्या वाट्याला हे आले नाही. रिझर्व्ह बँकेने १९३७ मध्ये देशी सराफांना आपल्याशी जोडून घेण्याची योजना मांडली तेव्हाही अट अशी की त्यांनी बँकिंगशिवायचा व्यापार सोडावा आणि हिशेब बँकांसारखे ठेवावेत. सराफांनी नकार दिला. त्यांच्या दृष्टीने व्यापार आणि सराफी हे एकाच पेढीचे दोन हात होते. पुन्हा तोच प्रश्न: व्यवस्थेत यायचे तर आपले रूप टाकून या, नाहीतर बाहेर राहा. मधली वाट, म्हणजे त्यांचे रूप समजून घेऊन त्याचे नियम लिहिणे, ना १८८१ ने काढली ना १९३७ ने.

यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण स्पष्ट आहे. १८८१ चा अपवाद नसता तर हुंडी आज फोनवरून पैसे पाठवण्याच्या काळातही तशीच चालली असती, असा दावा कोणी करू नये. दावा एवढाच की, मुदती व्यापारी उधारीच्या एका देशी साधनाला कायद्यात घर मिळण्याचा जो क्षण होता, तो आदराच्या भाषेत दवडला गेला. व्यापारी कायद्यात ‘आम्ही तुमच्या चालीत ढवळाढवळ करत नाही’ या वाक्याची किंमत नेहमी तपासली पाहिजे. ज्या चालीत कायदा ढवळाढवळ करत नाही तिचे रक्षणही तो करत नाही. आपल्या विधी महाविद्यालयांत बँकिंगच्या पाठ्यपुस्तकात हुंडीला शेवटी एक छोटे प्रकरण असते, प्रकारांची यादी पाठ करण्यापुरते. त्याऐवजी मुंबई उच्च न्यायालयाचे एकोणिसाव्या शतकातले हुंडीचे निवाडे आणि पुण्या-मुंबईच्या पेढ्यांचे मोडीतले कागद विद्यार्थ्यांनी शेजारी ठेवून वाचले, तर व्यापारी कायदा कलमांतून उतरत नाही, व्यवहारातून वर चढतो, हे त्यांना पुराव्यानिशी दिसेल. त्यासाठी कायद्याच्या विद्यार्थ्याला मोडी आणि मोडी वाचणाऱ्याला कायदा शिकवावा लागेल. दोन्हींची सोय करणे विद्यापीठांना अवघड नाही. १८८१ च्या ॲक्टमध्ये १९८८, २००२, २०१५ आणि २०१८ मध्ये दुरुस्त्या झाल्या, चेकसाठी तुरुंगापर्यंतची तरतूद झाली. पहिल्या कलमातले पौर्वात्य भाषेचे वाक्य मात्र अजून तसेच आहे.